न्यायालयाचे समन्स आल्यावर रजेचा अर्ज लिहिण्यापूर्वी : सरकारी कर्मचाऱ्यांसाठी मार्गदर्शन

ग्रामीण रुग्णालयातील वैद्यकीय अधिकाऱ्याला शवविच्छेदन अहवालावर साक्ष देण्यासाठी सत्र न्यायालयाचे समन्स येते, तलाठ्याला फेरफार नोंदीबाबत दिवाणी न्यायालयात बोलावले जाते, जिल्हा परिषद शाळेच्या मुख्याध्यापिकेला पीडित मुलीचे वय सिद्ध करण्यासाठी शाळेचे जनरल रजिस्टर घेऊन हजर राहण्यास सांगितले जाते, आणि या तिघांपैकी निदान एक जण तरी त्या दिवसासाठी नैमित्तिक रजेचा अर्ज लिहून देतो. मुळात त्या अर्जाची गरजच नसते. आस्थापना शाखेच्या टेबलावर काढलेल्या वर्षांत मी असे कितीतरी अर्ज पाहिले. ते देणाऱ्याला नियम ठाऊक नव्हता आणि ते मंजूर करणाऱ्याने तो सांगितला नव्हता. सरकारी कामाच्या ओघात जे पाहिले, लिहिले किंवा तपासले त्याबद्दल न्यायालयात सांगणे हे त्याच कामाचा पुढचा भाग आहे, आणि तो दिवस कर्तव्याचा दिवस आहे. हे मनाशी पक्के झाले की पुढची कार्यवाही सोपी होते.

महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ आणि केंद्रीय कर्मचाऱ्यांचे केंद्रीय नागरी सेवा (रजा) नियम, १९७२ यांत अर्जित, अर्धवेतनी, परिवर्तित, असाधारण अशा रजा आहेत; न्यायालयात हजर राहण्यासाठी म्हणून वेगळी रजा त्यांत नाही. त्यामुळे ‘कोर्टासाठी किती दिवस रजा मिळते’ या प्रश्नाला आकड्यात उत्तर देता येत नाही. विचारायचा प्रश्न वेगळा आहे : मी तेथे कोणत्या नात्याने जात आहे?

कोणत्या नात्याने जात आहात ते आधी ठरवा

केंद्रीय कर्मचाऱ्यांपुरती ही विभागणी पूरक नियम १५४ आणि १५५ यांत स्पष्ट केलेली आहे. फौजदारी खटल्यात, सरकार पक्षकार असलेल्या दिवाणी दाव्यात, लष्करी न्यायालयापुढील प्रकरणात किंवा विधिवत नेमलेल्या अधिकाऱ्यापुढील विभागीय चौकशीत साक्षीसाठी बोलावले असेल, आणि ज्या गोष्टींबद्दल साक्ष द्यायची त्या सरकारी कर्तव्य बजावताना माहीत झालेल्या असतील, तर कर्मचाऱ्याला दौऱ्यावर असल्याप्रमाणे प्रवास भत्ता मिळतो. त्यासाठी न्यायालयाचे उपस्थिती प्रमाणपत्र देयकाला जोडावे लागते. दोन्ही अटी एकत्र वाचाव्यात. खटला फौजदारी आहे एवढ्याने भागत नाही. माहिती कर्तव्यातून आलेली असावी लागते. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांच्या प्रवास भत्त्याची तरतूद मुंबई नागरी सेवा नियम, १९५९ मध्ये आहे आणि व्यवहारात तेथेही हाच भेद पाहिला जातो. आपल्या विभागाला लागू असलेला नेमका नियम क्रमांक आस्थापना किंवा लेखा शाखेकडून लिहून घ्यावा आणि अर्जात व देयकात तो नमूद करावा, कारण क्रमांक लिहिलेले देयक सहसा आक्षेपासह परत येत नाही.

दुसरा प्रकार म्हणजे कर्मचारी साक्षीदार आहे, पण माहितीचा नोकरीशी संबंध नाही. रविवारी घराजवळच्या चौकात अपघात पाहिला, शेजाऱ्याच्या मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून सही केली होती, अशी ही प्रकरणे असतात. नियम १५५ सांगतो की अशा साक्षीदाराला न्यायालयाच्या नियमांप्रमाणे जे मिळेल तेवढेच. सरकारकडून प्रवास भत्ता नाही. न्यायालयाने प्रवासखर्चाव्यतिरिक्त निर्वाह भत्ता किंवा भरपाई म्हणून काही रक्कम दिली, तर अनुपस्थितीच्या दिवसांचे पूर्ण वेतन घेण्यापूर्वी ती रक्कम सरकारजमा करावी लागते. हे वाक्य नीट वाचले तर त्यात पूर्ण वेतन गृहीत धरलेले दिसते. म्हणून या प्रकारातही घाईने नैमित्तिक रजा लिहून देऊ नये. समन्स जोडून परवानगी मागावी, प्रकरणात आपला कोणताही खासगी हितसंबंध नाही असे स्पष्ट लिहावे, आणि कार्यालय प्रमुखाने हा काळ रजेत धरायचे ठरवले तर त्याचा आधार नमूद करून तसे लेखी कळवावे अशी विनंती करावी.

तिसरा प्रकार स्वतःच्या प्रकरणाचा. वडिलोपार्जित जमिनीची वाटणी, घटस्फोट, घरमालकाशी वाद, धनादेश न वटल्याची तक्रार, किंवा आपल्याच बदलीविरुद्ध अथवा ज्येष्ठतेबाबत महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात केलेला अर्ज, यांत आपण पक्षकार असतो. येथे आपली स्वतःची रजाच खर्च करावी लागते. प्रतिपक्ष सरकार आहे म्हणून आपली हजेरी कर्तव्याची ठरते, हा गैरसमज सेवाविषयक प्रकरणांत फार आढळतो.

चौथा प्रकार सरकारच्या वतीने जाणाऱ्यांचा. प्रतिज्ञापत्र दाखल करणारा अधिकारी, सरकारी वकिलांना माहिती देण्यासाठी धारिका घेऊन जाणारा लिपिक, आणि सरकारी कृतीबद्दल स्वतःच्या नावावर दावा झालेला अधिकारी हे सगळे यात येतात. पहिल्या दोघांबद्दल वाद होत नाही. तिसऱ्याबद्दल पुढे लिहिले आहे.

पंच म्हणून गेलेल्यांविषयी

सर्वाधिक गोंधळ ज्यांच्याबाबत होतो ते म्हणजे सरकारी पंच. लाचलुचपत प्रतिबंधक विभाग सापळा रचताना दुसऱ्या कार्यालयातील सरकारी कर्मचारी पंच म्हणून मागवतो. कार्यालय प्रमुख दोन नावे देतात, ते दोघे जातात, नोटांना लावलेली पावडर, लाचेची मागणी, हात धुतलेल्या द्रावणाचा रंग हे सगळे पाहतात, पंचनाम्यावर सह्या करतात आणि दुसऱ्या दिवशी आपल्या टेबलावर परत येतात. विशेष न्यायालयाचे समन्स येईपर्यंत बदली झालेली असते, कधी कधी पदोन्नतीही झालेली असते, आणि नव्या कार्यालयातील आस्थापना लिपिक म्हणतो की सापळा आपल्या विभागाचा नव्हता, तुमच्या कामाचा त्याच्याशी संबंध नाही, तेव्हा रजा टाका.

माझ्या मते हे चूक आहे. तो कर्मचारी रस्त्याने जाताना सहज थांबून पंच झालेला नाही; कार्यालयाच्या आदेशाने, कार्यालयीन वेळेत, सरकारी काम म्हणून तेथे गेला होता, आणि जे पाहिले ते त्या कर्तव्यातच पाहिले. मात्र हे सिद्ध करण्याचा कागद त्याच्याजवळ असला पाहिजे. म्हणून पंच म्हणून पाठवणारा आदेश, तो तोंडी असेल तर त्याच दिवशी मागून घेतलेले दोन ओळींचे पत्र, आणि हालचाल नोंदवहीतील त्या दिवसाच्या नोंदीची छायाप्रत स्वतःच्या वैयक्तिक धारिकेत ठेवावी. तीन-चार वर्षांनी जुन्या कार्यालयात जाऊन तो कागद शोधणे किती कठीण असते हे ज्यांनी शोधले आहे त्यांना ठाऊक आहे. पोलीस तपासातील पंचनाम्यांसाठी कार्यालयातून मागवलेल्या कर्मचाऱ्यांनाही हेच लागू आहे.

समन्स हाती आल्यावर

फौजदारी प्रक्रियेसाठीची भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ ही १ जुलै २०२४ पासून लागू झाली. तिच्या कलम ६८ प्रमाणे सेवेत असलेल्या सरकारी कर्मचाऱ्यावरील समन्स न्यायालय सामान्यतः दोन प्रतींत त्याच्या कार्यालय प्रमुखाकडे पाठवते. ते बजावून, स्वतःच्या सहीने पोच न्यायालयाकडे परत करण्याची जबाबदारी कार्यालय प्रमुखाची असते आणि ती सही बजावणीचा पुरावा मानली जाते. दिवाणी दाव्यातही सार्वजनिक अधिकाऱ्याचे समन्स कार्यालय प्रमुखामार्फत बजावण्याची सोय दिवाणी प्रक्रिया संहितेत आहे. याचा अर्थ असा की अशा समन्सची माहिती कार्यालयाला आधीच असते, आणि ‘आम्हाला कळवले नाही’ असे नंतर कोणी म्हणू शकत नाही. मात्र समन्स पोलीस शिपायाने घरी आणून दिले, किंवा न्यायालयाच्या शिक्क्याच्या प्रतिमेसह मोबाइलवर आले, तर ते त्याच दिवशी कार्यालयाच्या आवक नोंदवहीत नोंदवून क्रमांक घ्यावा. मोबाइलवर आलेले समन्स खोटे समजून सोडून देऊ नये. नव्या संहितेत इलेक्ट्रॉनिक बजावणीला मान्यता आहे. शंका असल्यास संबंधित पोलीस ठाण्यात किंवा न्यायालयाच्या कार्यालयात खात्री करून घ्यावी.

समन्स वाचताना न्यायालयाचे नाव व ठिकाण, प्रकरणाचा प्रकार व क्रमांक, पक्षकारांची नावे, तारीख आणि वेळ यांबरोबर आणखी एक गोष्ट पाहावी : बोलावणे साक्षीसाठी आहे की केवळ कागदपत्र हजर करण्यासाठी. केवळ कागदपत्र मागवले असेल तर स्वतः जाण्याची सक्ती नसते. दुसऱ्या जबाबदार कर्मचाऱ्यामार्फत ते हजर केले तरी आदेशाचे पालन झाले असे दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश १६ व नागरिक सुरक्षा संहिता या दोन्ही मानतात. एकट्या ग्रामसेवकावर चार गावांचा भार असताना ही तरतूद फार उपयोगाची आहे, आणि ती कोणी वापरताना दिसत नाही.

बदली झालेल्यांच्या समन्सबद्दल एक अनुभव सांगतो. एका कार्यालयात बदलून गेलेल्या वैद्यकीय अधिकाऱ्याचे समन्स तीन आठवडे आवक टोपलीत पडून राहिले. ‘संबंधित येथे कार्यरत नाहीत’ एवढा शेरा मारून ते परत करायचे की पुढे पाठवायचे याचा निर्णय कोणी घेतला नाही. पुढच्या तारखेला त्यांच्या नावाने जामीनपात्र वॉरंट निघाले आणि नव्या गावातील पोलीस ते घेऊन थेट बाह्यरुग्ण विभागात आले. त्या गृहस्थांची काहीच चूक नव्हती. जुन्या कार्यालयाने असे समन्स त्याच दिवशी नव्या कार्यालयाकडे पाठवावे, न्यायालयाला नवा पत्ता कळवावा आणि संबंधिताला फोन करावा. कर्मचाऱ्यानेही पदभार सोडताना, ज्या प्रकरणांत आपली साक्ष होण्याची शक्यता आहे त्यांची यादी आणि आपला मोबाइल क्रमांक जुन्या कार्यालयाला व सरकारी वकिलांच्या कार्यालयाला देऊन ठेवावा.

अर्ज कसा लिहावा

अर्ज रजेचा नसतो, परवानगीचा आणि माहितीचा असतो. विषयाच्या ओळीत ‘रजा’ हा शब्द येऊ देऊ नये. मजकूर साधारण असा असावा :

‘विषय : विशेष सत्र खटला क्रमांक अमुक यामध्ये साक्षीसाठी न्यायालयात हजर राहण्याबाबत. महोदय, उपरोक्त खटल्यात मा. विशेष न्यायाधीश यांच्या न्यायालयात अमुक तारखेस सकाळी साडेदहा वाजता साक्षीसाठी हजर राहण्याचे समन्स मला अमुक तारखेस प्राप्त झाले असून त्याची छायाप्रत सोबत जोडली आहे. सदर साक्ष मी अमुक पदावर कार्यरत असताना शासकीय कर्तव्य बजावताना केलेल्या कार्यवाहीबाबत असून प्रकरणात माझा कोणताही वैयक्तिक हितसंबंध नाही. तरी सदर दिवशी न्यायालयात उपस्थित राहण्यास व त्यासाठी मुख्यालय सोडण्यास परवानगी मिळावी, आणि प्रवासासह हा कालावधी कर्तव्य कालावधी म्हणून गणण्यात यावा, ही विनंती. न्यायालयाचे उपस्थिती प्रमाणपत्र परत आल्यावर सादर करीन.’

अर्जाची पोच घ्यावी. साक्ष एकाच दिवसात संपेल याची खात्री नसते, म्हणून ‘न्यायालयाने पुढे दिलेल्या तारखांनाही’ हे शब्द घातले तर प्रत्येक वेळी नवा अर्ज लिहावा लागत नाही; तरी पुढची तारीख लेखी कळवावी.

मूळ अभिलेख बरोबर न्यायचा असेल तर त्यासाठी वेगळी परवानगी मागावी आणि नोंदवहीत तो बाहेर नेल्याची नोंद करावी. बहुतेक सार्वजनिक दस्तऐवजांच्या प्रमाणित प्रती पुराव्यात चालतात. मूळ नोंदवही पाहण्याचा आग्रह झाला तर ती दाखवून, प्रमाणित प्रत दाखल करून मूळ परत घेण्याची परवानगी सरकारी वकिलांमार्फत मागावी. न्यायालयाने मूळ ठेवून घेतलेच तर त्याची पोच घेतल्याशिवाय तेथून निघू नये. अप्रकाशित सरकारी अभिलेख राज्यकारभाराच्या गोपनीय बाबींचा असेल तर भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम १२९ प्रमाणे विभागप्रमुखाच्या परवानगीचा प्रश्न येतो, तेव्हा ती बाब आधीच वर कळवावी. न्यायालयातील साक्षीसाठी मात्र वर्तणूक नियमांखालील पूर्वमंजुरी लागत नाही. समित्यांपुढील साक्षीवर जे निर्बंध आहेत त्यांतून न्यायालयीन चौकशीतील साक्ष वगळलेली आहे.

कार्यालय सोडत नसेल तर

मार्चअखेर आहे, निवडणुकीचे काम आहे, विधिमंडळाचे अधिवेशन चालू आहे, म्हणून ‘जाऊ नका, कळवून टाकू’ असे वरिष्ठ तोंडी सांगतात. न्यायालयाच्या आदेशातून सूट फक्त न्यायालय देऊ शकते. समन्स मिळूनही जाणीवपूर्वक गैरहजर राहिल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २०८ प्रमाणे ६ महिन्यांपर्यंत साधा कारावास किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. दिवाणी न्यायालयही दंड करू शकते आणि वॉरंटही काढू शकते. ही शिक्षा समन्सवर ज्याचे नाव आहे त्याला होते, जाऊ नका म्हणणाऱ्याला नाही. म्हणून अशी सूचना मिळाल्यास ती लेखी मागावी आणि अडचण खरी असेल तर कार्यालय प्रमुखाने स्वतः, सरकारी वकिलांमार्फत, तारखेच्या पुरेसे आधी न्यायालयाला विनंती करावी. न्यायालयाने तारीख बदलल्याचा आदेश हाती येईपर्यंत मूळ तारीख कायम आहे असेच समजावे.

विनंती करायला कायद्यात जागा आहेत. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २६ मध्ये, सार्वजनिक सेवेचे नुकसान झाल्याशिवाय जो सरकारी सेवक न्यायालयात येऊ शकत नाही असे न्यायालयाला वाटते, त्याची साक्ष न्यायालयाने नेमलेल्या आयुक्तामार्फत नोंदवता येते. आदेश १६ प्रमाणे न्यायालयाच्या स्थानिक हद्दीबाहेर राहणाऱ्या साक्षीदाराला प्रत्यक्ष बोलावण्यावर अंतराची मर्यादा आहे : साधारणपणे १०० किलोमीटरच्या आत, आणि अंतराच्या पाच-षष्ठांश भागासाठी रेल्वे, बस असे सार्वजनिक वाहन उपलब्ध असेल तर ५०० किलोमीटरच्या आत. फौजदारी प्रकरणांत नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ३३६ महत्त्वाचे आहे. दस्तऐवज किंवा अहवाल तयार करणारा अधिकारी बदलून गेला, निवृत्त झाला किंवा त्याला आणण्यात विलंब होणार असेल तर त्या पदावरील सध्याच्या अधिकाऱ्याची साक्ष घेता येते, आणि ती दृक्श्राव्य माध्यमातूनही होऊ शकते. मात्र अहवालाबद्दल कोणत्याही पक्षाचा वाद नसेल तर अधिकाऱ्याला बोलावण्याची गरज राहत नाही. सध्या त्या खुर्चीवर बसलेल्या अधिकाऱ्याला ‘माझ्या काळातले नाही’ असे म्हणून समन्स परत करता येणार नाही. त्याने जुनी धारिका काढून वाचावी, आणि त्याचीही ही हजेरी कर्तव्यच आहे.

न्यायालयातील दिवस

निघण्यापूर्वी ई-कोर्ट्स सेवेच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर प्रकरणाच्या सोळा अक्षरांकी सीएनआर क्रमांकावरून (प्रत्येक प्रकरणाला मिळणारा स्वतंत्र ओळख क्रमांक) तारीख व टप्पा पाहता येतो. त्यात वेगळे काही दिसले तरी स्वतःहून जाणे रद्द करू नये. सरकारी वकिलांच्या कार्यालयाला किंवा पोलीस ठाण्याच्या पैरवी (न्यायालयातील खटल्यांचा पाठपुरावा करणाऱ्या) कर्मचाऱ्याला विचारून खात्री करावी. वेळेआधी पोहोचावे, सरकारी वकिलांना भेटून आपला जुना जबाब किंवा अहवाल वाचून घ्यावा. घटनेच्या वेळी स्वतः केलेली टिपणे न्यायालयाच्या परवानगीने पाहून स्मृती ताजी करण्याची मुभा साक्षीदाराला असते.

पुकारा होईपर्यंत थांबून राहणे हाही कर्तव्याचाच भाग आहे. अनेकदा आरोपीचे वकील मुदत मागतात, आधीच्या साक्षीदाराची उलटतपासणी लांबते, आणि संध्याकाळी ‘आज नाही, पुढची तारीख’ असे सांगितले जाते. अशा वेळी लोक निराश होऊन तसेच निघून येतात आणि तेथेच त्यांचे नुकसान होते. साक्ष झाली नाही तरी हजेरी झालेली आहे. तिचे प्रमाणपत्र घेतलेच पाहिजे. पुढच्या तारखेची समज देऊन सही घेतली असेल तर नवे समन्स येईलच असे नाही, म्हणून ती तारीख जागीच लिहून घ्यावी.

प्रमाणपत्रात नाव, पदनाम, प्रकरण क्रमांक, तारीख, किती वाजेपासून किती वाजेपर्यंत उपस्थिती होती, साक्ष नोंदवली की प्रकरण पुढे ढकलले, आणि न्यायालयाने भत्ता दिला असल्यास किती, दिला नसल्यास ‘निरंक’, एवढे असावे. शिक्का व सही तपासून पाहावी. छापील नमुना नसेल तर स्वतः दोन प्रतींत मजकूर लिहून नेला की बेंच क्लार्कचेही काम हलके होते. मी ओळखत असलेले एक मंडळ अधिकारी असे कोरे नमुने नेहमी पिशवीत ठेवत.

परत आल्यावर

हजेरीपटात त्या दिवशी ‘न्यायालयीन साक्ष – कर्तव्यार्थ’ असा शेरा घेऊन प्रमाणपत्राची प्रत जोडावी. न्यायालय त्याच गावात असेल आणि साक्ष दुपारीच संपली तर कार्यालयात परत येऊन हालचाल नोंदवहीत वेळ लिहावी. पूर्ण दिवसाची सवलत आहे असे समजून घरी जाणे योग्य नाही, आणि अशा एखाद्या प्रकरणामुळेच बाकीच्यांच्या अर्जांकडे संशयाने पाहिले जाते.

पैशाबाबत नियम कडक आहे. कर्तव्यावरील साक्षीदाराने कार्यालयातून प्रवास भत्ता घ्यायचा असेल तर न्यायालयाकडून खर्च स्वीकारू नये. त्याच्या प्रवासासाठी व निर्वाहासाठी पक्षकाराने न्यायालयात भरलेली रक्कम सरकारजमा होते. दिवाणी दाव्यात समन्स काढतानाच पक्षकाराला साक्षीदाराचा खर्च भरावा लागतो आणि बेलिफ तो समन्सबरोबर हातात ठेवतो, तेव्हा ही रक्कम लहान म्हणून दुर्लक्षू नये. चलनाने ती भरून चलनाची प्रत देयकाला जोडावी. एकाच प्रवासासाठी दोन ठिकाणी पैसे घेतल्याचा आक्षेप पन्नास रुपयांवरूनही येतो आणि सेवापुस्तकापर्यंत पोहोचू शकतो. केंद्रीय कर्मचाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावे की दौऱ्याच्या प्रवास भत्त्याचा दावा करण्याची मुदत २०१८ पासून एका वर्षावरून ६० दिवसांवर आणलेली आहे.

स्वतःचे प्रकरण असेल तर

येथे राज्य आणि केंद्र दोन्हीकडे वर्षाला ८ दिवसांची नैमित्तिक रजा हा पहिला आधार असतो, आणि अर्ध्या दिवसाची रजा घेऊन ती पुरवता येते. कौटुंबिक न्यायालयातील किंवा वाटणीच्या दाव्यातील तारखा वर्षभर चालतात, म्हणून प्रत्येक तारखेला स्वतः हजर राहणे आवश्यक आहे का हे वकिलांना विचारावे. अनेक तारखांना वकिलांची हजेरी पुरते, आणि फौजदारी खटल्यातही आरोपीच्या वैयक्तिक हजेरीतून सूट मागता येते. सलग साक्ष असेल तेव्हा अर्जित रजेचा अर्ज वेळेत द्यावा. रजा हक्क म्हणून मागता येत नाही, ती मंजूर व्हावी लागते, हे खरे असले तरी तारखेचा कागद जोडलेला अर्ज नाकारताना अधिकाऱ्यालाही विचार करावा लागतो. न कळवता गैरहजर राहून नंतर कारण सांगणे हा सगळ्यात वाईट मार्ग आहे.

निलंबित कर्मचाऱ्याला रजा मंजूर होत नाही. त्याने मुख्यालय सोडण्याची परवानगी घेऊन न्यायालयात जावे. अटक होऊन ४८ तासांपेक्षा जास्त काळ कोठडीत राहिल्यास निलंबन मानीव होते, म्हणजे ते झाले असेच धरले जाते, आणि त्या काळाला रजेचा अर्ज लागू पडत नाही. कामाच्या ठिकाणी लैंगिक छळाची तक्रार केलेल्या महिला कर्मचाऱ्यांसाठी मात्र वेगळी तरतूद आहे : चौकशी चालू असताना समितीच्या शिफारशीने केंद्रीय कर्मचारी महिलेला ९० दिवसांपर्यंत विशेष रजा मिळते आणि ती तिच्या रजा खात्यातून वजा होत नाही.

सरकारी कृतीबद्दल अधिकाऱ्यावर व्यक्तिशः दावा झाला असेल तर तो स्वतःचे प्रकरण समजून रजा टाकू नये. अशा दाव्यापूर्वी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० प्रमाणे दोन महिन्यांची नोटीस साधारणपणे आवश्यक असते. ती मिळताच विधी शाखेला कळवावे आणि शासनाने बचाव हाती घ्यावा अशी लेखी विनंती करावी. सार्वजनिक सेवेचे नुकसान झाल्याशिवाय प्रतिवादी अधिकारी कामावरून दूर राहू शकत नाही अशी खात्री पटल्यास न्यायालयाने त्याला वैयक्तिक हजेरीतून सूट दिली पाहिजे, असे कलम ८१ सांगते. उच्च न्यायालयांनी अधिकाऱ्यांना व्यक्तिशः बोलावण्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने ३ जानेवारी २०२४ रोजी कार्यपद्धती घालून दिली आहे. नेहमीच्या बाबींत व्यक्तिशः बोलावू नये आणि बोलावायचे झाल्यास दूरदृश्य प्रणालीचा पर्याय आधी द्यावा, असे त्यात आहे. दूरदृश्य प्रणालीने हजर राहिलेला वेळही कार्यालयीन कामाचाच असतो, म्हणून त्याची नोंद हालचाल नोंदवहीत घ्यावी.

रजा आधीच कापली गेली असेल तर

ही चूक दुरुस्त होऊ शकते. समन्स, अर्जाची पोच आणि उपस्थिती प्रमाणपत्र जोडून, लागू नियम नमूद करून, कापलेली नैमित्तिक रजा पूर्ववत करावी किंवा अर्जित रजेची नोंद सेवापुस्तकातून दुरुस्त करावी असे अभिवेदन त्याच कॅलेंडर वर्षात द्यावे, कारण वर्ष संपले की नैमित्तिक रजेचा हिशेब बंद होतो. कार्यालय प्रमुखाने नकार दिला तर कारण लेखी घेऊन वरिष्ठ कार्यालयाकडे योग्य मार्गाने जावे.

एका तरुण तलाठ्याच्या आठपैकी पाच नैमित्तिक रजा एकाच खटल्याच्या तारखांत जुलैपर्यंत संपल्या होत्या. तो अर्ज घेऊन आला तेव्हा त्याच्याजवळ चार तारखांची उपस्थिती प्रमाणपत्रे होती. पाचव्या दिवशी न्यायाधीश रजेवर असल्याने तो कोणालाही न भेटता परतला होता. चार दिवस त्याला परत मिळाले, आणि पाचव्यासाठी मी दोनदा टिपणी वर पाठवूनही ती मंजूर झाली नाही.